चारही सिलिंडर

तुकोगंज, इंदूर
३ डिसेंबर १९५३

चि. संताजीस अनेक आशीर्वाद.

मोटार चढावर दम टाकते आहे. काल प्लग काढून इंदिराला हँडल फिरवायला लावलं आणि भोकावर अंगठा धरून चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन पाहिलं. एकातही हवेचा जोर नाही. दरबारच्या मोटारखान्यात वीस वर्षं अंगठ्यानेच निदान केलं, कधी चुकलो नाही. इंजिन गेलं तर गाडी विकावी लागेल. मग मी दिवसभर करू काय, हे तुझ्या कारखान्यातल्या साहेबांना विचारून कळव.

माया आहेच.
जयसिंगराव

पुणे
९ डिसेंबर १९५३

ती. आबासाहेबांस शि. सा. न. वि. वि.

चारही सिलिंडर एकदम जात नाहीत. प्रत्येकात चमचाभर तेल सोडून पुन्हा पाहावं. जोर वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, नाही तर व्हॉल्व्हचा दोष. दाब मोजायचं गेज पाठवू का? तुमच्या अंगठ्याचा अपमान करायचा नाही, पण गेज कुणाची भीड धरत नाही.

कृपा असू द्यावी.
संताजी

इंदूर
१६ डिसेंबर १९५३

ती. दादासाहेबांस सा. न. वि. वि.

गेज पाठवू नका. तेल सोडूनही आबासाहेबांना जोर जाणवेना, तेव्हा चिडून त्यांनी हँडल स्वतः डाव्या हाताने फिरवलं आणि अंगठा मला लावायला सांगितला. चारही वेळा हवेने माझा अंगठा उडवला. आवाज त्यांनीही ऐकला. प्लग काजळीने भरले होते, ते पुसल्यावर गाडी छान चालू झाली.

मी त्यांचा उजवा अंगठा जोरात दाबून, कळतं का, विचारलं. त्यांनी हात काढून घेतला. म्हणाले, रहने दे, हात नुसता झोपलाय. डॉक्टरांकडे यायला तयार नाहीत. त्या हाताने कपही धरवत नाही, हे मला आधीच दिसायला हवं होतं. फार भीती वाटते.

संध्याकाळी त्यांनी मला बजावलं, की संताजीला लिही, इंजिन गेलं, गाडी विकतो. यापुढे गाडी चालवणार नाहीत, पण कारण इंजिनाचंच सांगणार. तुम्ही तेवढं मान्य करा.

धाकट्या बहिणीवर माया राहू द्या.
इंदिरा

पुणे
२१ डिसेंबर १९५३

ती. आबासाहेबांस शि. सा. न. वि. वि.

इंदिराचं पत्र मिळालं. इंजिन गेलं हे वाचून वाईट वाटलं. तुमचं निदान बरोबर होतं, मीच उगाच शंका काढली. गाडी विकावी हेच बरं.

रजा काढून शनिवारी येतो. स्टेशनावरून टांगा करीन, तुम्ही घ्यायला येऊ नये.

आशीर्वाद असावा.
संताजी