न मिटणाऱ्या स्पेस

प्रिय ताई,

दोनदा फोन उचलला नाही, त्याचा राग गिळ आणि आधी हे वाच. फोनवर तू मधेमधे बोलतेस, मग माझं खरं सांगायचं राहूनच जातं.

काम अजून तेच, प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या वेबसाइटचं. सातवं. आधीच्या सहा ठिकाणी काही बिघडलं की मी बॅग उचलायचो, तुला ठाऊकच आहे. इथे म्हातारे मास्तर प्रोग्राम लिहून देतात, मी ते वेबपानावर चढवतो. आठवी नापासाला एवढं जमतं, कारण समजायचं काही नाही, नुसतं उतरवायचं. निदान मला तसं वाटायचं.

प्रोग्रामच्या काही ओळी आत सरकवून लिहितात. कुठली ओळ कुणाच्या पोटात, हे त्या मोकळ्या जागेवरूनच मशीनला कळतं. पण वेबपान महाकंजूष. दहा स्पेस द्या, एकच दाखवणार, आणि ओळीच्या सुरुवातीला तर तीही नाही. मग मी डोकं लढवलं. न मिटणारी एक खास स्पेस असते, तीच सगळीकडे भरली. चाळीस धडे! पानं अशी देखणी दिसली की साहेबबाईंनी चारचौघांत कौतुक केलं. आठवडाभर मी कॉलर ताठ करून हिंडलो.

मग तक्रारी आल्या. शिकणारे पानावरून प्रोग्राम कॉपी करून चालवायचे, तर चालेचना. दिसायला स्पेस, पण मशीनच्या लेखी ते भलतंच अक्षर. सगळे मास्तरांवर घसरले. ते बिचारे चष्मा पुसत स्वतःच्याच ओळी पुन्हापुन्हा तपासत बसले. माझ्यावर संशय कुणाचाच नाही. जेवणाच्या सुट्टीत खोलीवर जाऊन मी बॅग भरली. जिना उतरलो, पण ताई, मास्तरांचा तो चष्मा डोळ्यांसमोरून हलेना. बॅगेसकट ऑफिसात शिरलो आणि सगळं सांगून टाकलं. साहेबबाई म्हणाल्या, निघालायस की आलायस ते आधी ठरव. मास्तरांनी नुसती खुर्ची ओढून दिली. प्रोग्रामच्या आधी एक खूण, नंतर एक खूण टाकली की पान साध्या स्पेससुद्धा जशाच्या तशा दाखवतं, एवढंच होतं ते! तीन दिवसांत चाळीस धडे पुन्हा चढवले, प्रत्येक चालवून बघितला. चालवता चालवता थोडं कळायलाही लागलं.

पत्र एवढ्यासाठी की भाऊजींनी गॅरेजात माझ्यासाठी जागा धरून ठेवलीय, हे आईनं सांगितलं. मी पळून आलोच तर हाती काम असावं म्हणून ना? त्यांना म्हणावं, ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. रागानं नाही म्हणत. मास्तर आता रोज काम सुटल्यावर मला एक धडा शिकवतात, आणि उद्याचा मला चुकवायचा नाही.

हसू नकोस,
तुझाच, यंदा न पळालेला,
धाकटा