अमेरिकेला चाललेलं इंजिन

३ नोव्हेंबर, सोमवार
काल लिहिलं की वॉल्टरला माझं इंजिन फार आवडलं. चूक. तो फक्त ‘इंटरेस्टिंग’ म्हणाला होता. निदान इथे तरी खरं लिहावं. पण अमेरिकन माणसं कौतुक जपूनच करत असणार.

वॉल्टर ओहायोचा. तिकडच्या ट्रेन सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर आगगाडी चालवायच्या गेमसाठी त्याची टीम जादा इंजिनं बनवते. ही गेम कंपनीची माणसं नव्हेत, बाहेरची, हौशी. वीस तारखेच्या आत माझं इंजिन पोचलं तर डिसेंबरच्या पॅकमध्ये, म्हणजे नव्या इंजिनांच्या संचात, माझ्या नावानं येणार, आणि मी टीममध्ये. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. आता हेही पहिलंच. सोळालाच पाठवते. चार दिवस हाताशी राहतील.

५ नोव्हेंबर
कारेगाव, रूमवर. आबांचा फोन. नातीचं इंजिन अमेरिकेला चाललंय, असं त्यांनी भांडगावात सांगून टाकलंय. टपरीवर कुणी विचारलं, बोटीनं का? आबा म्हणाले, मी व्हय म्हनलो, इमानात कसं मावंल? त्यांना कॉम्प्युटर, गेम, सगळं समजावलं. म्हणाले, ते ऱ्हाऊ दे, जातंय कवा तेवढं सांग. सोळा सांगितली.

९ नोव्हेंबर, रविवार
दौंडला, बाळासोमामांकडे. मामांची सगळी नोकरी इंजिन चालवण्यात गेली. त्यांना लॅपटॉपवर ड्रायव्हरची केबिन दाखवली. म्हणाले, अनू, ह्यो बाबा उजवीकडं का बसलाय? सिग्नल डावीकडं आन् ह्यो तिकडं? जगात कुठं असं न्हाई.

नमुना म्हणून वॉल्टरनं पाठवलेले तिकडच्या इंजिनाचे फोटो पुन्हा पाहिले. एकूण एक फोटोत खुर्ची उजवीकडे. म्हणजे फोटोच उलटे झालेत. बरं, वेळेत लक्षात आलं. वॉल्टरला कळवलं नाही. उगीच ओशाळेल.

१३ नोव्हेंबर
फोटो उलटवून घेतले. खुर्ची, ब्रेक, हँडल, सगळं डावीकडे आणलं. फोटो उलटवल्यानं केबिनमधल्या पाट्यांवरची अक्षरं मात्र उलटी झाली. एकेक सरळ करतेय. कंटाळा येतो, पण दिवसभर कंपनीत दुसऱ्यांच्या मालातल्या चुका काढणाऱ्या मुलीनं कंटाळून कसं चालेल? सोळा जमणार नाही. अठरा नक्की.

१७ नोव्हेंबर
केबिनचं चित्र वॉल्टरला पाठवलं. त्यानं विचारलं, ड्रायव्हर डावीकडे का? परीक्षा घेतोय माझी. निश्चिंत राहा, तज्ज्ञांकडून तपासलंय, असं कळवलं. अठराचं जरा अवघड. एकोणीस.

१९ नोव्हेंबर
कंपनीच्या बसमध्ये करुणानं, म्हणजे माझ्या रूममेटनं, फोनवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला. ड्रायव्हर उजवीकडे. मी म्हटलं, व्हिडिओही उलटा असेल. ती म्हणाली, अगं येडे, इंजिनावरचं नाव सरळ वाचता येतंय की! आन् त्यांच्या मोटारीचं स्टेअरिंग डावीकडं असतंय. समदं आपल्या इरुद्धच हाय तिकडं.

बसमधून उतरायचीही वाट पाहिली नाही.

मामांना फोन केला. म्हणाले, मग त्यांचंच चुकलंय.

२० नोव्हेंबर
वॉल्टर म्हणतो, आहे तसं आजच पाठव, खुर्ची आम्ही हलवून घेऊ. सदोष माल पुढे सोडायचा? मला नाही जमणार. दोन दिवस मागितले. चांगल्या कामासाठी माणसं थांबतात. खुर्ची हलवताना छताचा रंग किंचित निळसर वाटला. तोही करायला घेतला.

२४ नोव्हेंबर
पाठवलं! सगळं उजवीकडे, छतासकट निर्दोष.

तासाभरात उत्तर आलं. पॅक शनिवारीच बंद झाला. माझ्या जागी पोलंडच्या एका बाईचं इंजिन गेलं. ते उघडून पाहिलं. मागचा दिवा लागत नाही, शिडीची एक पायरी हवेत आहे. वॉल्टरला कळवलं, तर लोकांना चालतं म्हणे.

जेवले नाही. भूक नव्हती, एवढंच.

२६ नोव्हेंबर
वॉल्टरचा मेसेज. तुझी नजर बारीक आहे, त्या पोलंडच्या बाईच्या इंजिनातल्या चुका काढून देशील का? नाव कुठे येणार नाही, पण मदत होईल.

म्हणजे आता माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय काही बाहेर पडणार नाही. एका अर्थी ही बढतीच. आबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, म्हंजी दुसरीचं इंजिन गेलं आन् तू त्याला फडकं मारणार व्हय? रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती.

‘हो’ लिहून तयार आहे. सुरुवातीला ‘हाय’ घालावं की ‘डिअर’, तेवढं ठरलं की पाठवते. रविवारी, ३० नोव्हेंबरला.