विटांवरची स्पायडर

३ नोव्हेंबर, सकाळी ७
दिवाळी संपली. आजपासून नोंद. एअरफोर्समध्ये छत्तीस वर्षं एअरफ्रेम फिटर होतो, लॉगबुकशिवाय कधी पान्याला हात लावला नाही. हेही लॉगबुकच. दुसऱ्या कुणी वाचायचं कारण नाही.
काम: १९७२ ची इटालियन फियाट स्पायडर. दोन माणसांची, उघडी. लखनौच्या महानगर भागातल्याच एका डॉक्टरांच्या गॅरेजमधून आणली तेव्हा सीटवर मांजर व्यालेली होती. आता चालते. तिला पक्कं छत बसवायचं. हार्डटॉप म्हणतात.
कारण: सुलभा. गेल्या जानेवारीत तिला गोमतीच्या कडेने फिरवून आणलं. वारं कानात गेलं, पंधरा दिवस कान धरून बसली. या उघड्या गाडीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही म्हणाली. गौरी-गणपतीला साताऱ्याला गेली, ती दिवाळीलाही आली नाही. कान नाजूक आहे तिचा.
संकल्प: संक्रांतीच्या आत छत. मग गाडी घेऊन थेट सातारा, आणि सुलभाला शेजारी बसवून परत लखनौ.

५ नोव्हेंबर
सुलभाचा फोन. साताऱ्यातल्या आमच्या फ्लॅटवर गॅसचं कनेक्शन घेतलं म्हणाली. बरं केलं. दोन दिवस राहायचं झालं तरी चहा लागतोच.
मग तेच. रिटायर झाल्यावर साताऱ्याला जायचं ठरलं होतं ना, अहो? ठरलं होतं हे मी तीन वर्षांत एकदाही नाकारलेलं नाही. आधी गाडी, मग सातारा, एवढंच माझं म्हणणं.
काळजीचं कारण नाही. देव इथे आहेत. खंडोबा, जोतिबा, भवानी, तिन्ही टाक देवघरात. देव मागे ठेवून बाई कायमची जात नसते. पूजा मी करतो. बहुतेक दिवस करतो.

१२ नोव्हेंबर
माणूस मिळाला. तसव्वुर भाई, फायबरग्लासचे कारागीर. लग्नाच्या मंडपातले घोडे, मोर, शाळेतली घसरगुंडीची बदकं, सगळं करतात. गाडीभोवती तीन चकरा मारल्या आणि म्हणाले, नवाब साहब, घोड़ा आसान है. तरी करतो म्हणाले.
मेहुणीला फोनवर सांगितलं, फियाटला छत करतोय. ती म्हणाली, टॅक्सीला असतंच की हो. सोडून दिलं.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळी
तसव्वुर भाईंशी मतभेद. मी गाडी चार जॅकवर चढवली, मधोमध विटा रचल्या, चाकं काढली, स्पिरिट लेव्हलने सपाट केली. ते म्हणाले, जनाब, पहले इसे पहियों पर उतारिए, नाप तब लेंगे. मी म्हटलं, हँगरमध्ये विमानाचं माप जॅकवर चढवून, लेव्हल करूनच घेतात. चाकांवर उभ्या विमानाला फुटपट्टी लावली असती तर माझी धडगत नव्हती. ते म्हणाले, जहाज़ होगा साहब, यह तो गाड़ी है.
छत्तीस वर्षांच्या अनुभवापुढे घोडे करणारा माणूस किती बोलणार? माप जॅकवर घेतलं.

२६ नोव्हेंबर
छताची उंची ठरवायची. सुलभाला फोन करून विचारलं, बसल्यावर डोकं किती वर येतं, टेप लाव. म्हणाली, टेप धरायला इथे दुसरं माणूस नाही. फोन ठेवला.
मग सुचलं. जेवणाच्या टेबलाशी तिची खुर्ची भिंतीला लागून. भिंतीवर तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग, चौदा वर्षांचा. रंग दिला तरी पुन्हा उमटायचा, दरवेळी मी किरकिर करायचो. खुर्चीच्या बैठकीपासून डागापर्यंत टेप लावली. एकतीस इंच. वरून अंबाड्यासाठी दीड.
डागाशी जरा वेळ उभा राहिलो. उगाच.

८ डिसेंबर
फायबरग्लासचं रेझिन वाळत नाही. थंडी. तसव्वुर भाई म्हणतात फेब्रुवारीपर्यंत थांबा. संक्रांत काय थांबणार आहे? साच्यावर हॅलोजन हीटर लावला, सुलभाचा हेअर ड्रायर लावला, वर माझी रजई घातली. मी शालीत झोपतो. आलं घालून चहा. खोकला किरकोळ.
जुईचा पुण्याहून फोन. आपण मराठीत विचारावं आणि पोरीने हिंदीत सांगावं, लखनौत वाढल्याचा हा परिणाम. म्हणाली, पापा, मम्मी ने सामने वाली बच्चियों को सिलाई सिखाना शुरू किया है, बहुत ख़ुश है. छान. गाडी तयार होईपर्यंत वेळ जायला काहीतरी हवंच.
पुढे म्हणाली, आप समझ क्यों नहीं रहे? पोरीला ऑफिसचं टेन्शन दिसतं.

२५ डिसेंबर
दुसरं मॉडिफिकेशन. मूळ सीट फारच खाली, सुलभाचे गुडघे काही इटालियन नाहीत. व्हॅनची सीट बसवली. सीट तीन इंच वर आली. म्हणजे अंबाडा छताला लागणार. सीटचा फोम तीन इंच कापला. आता बसायला पाट आहे, पण पाटावर आपल्या बायका जन्मभर बसतातच.

७ जानेवारी
ऐतिहासिक दिवस! छत आलं. तसव्वुर भाई, त्यांचे दोन मदतनीस आणि मी, चौघांनी उचलून ठेवलं. पुढची काचेची चौकट, मागची डिकी, दोन्हीकडे बरोब्बर. कडी एका बोटाने लागली. दारं उघडली, लावली, उघडली. टक्, टक्. तसव्वुर भाईंना म्हटलं, बघा. ते म्हणाले, माशाल्लाह, अब उतारिए. म्हटलं, उतरवू सावकाश. पेढे वाटले.
सुलभाला फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या.

११ जानेवारी
धुकं. समोरचं फाटक दिसत नाही. उद्या चाकांवर.

१२ जानेवारी, दुपारी
चाकं लावली. एक जॅक सोडला, दुसरा सोडला. तिसऱ्याला फट् आवाज. पुढची कडी उडून थेट गुलाबाच्या कुंडीत. छत अंगठाभर लांब झालं.
छत लांब कसं होईल? तसव्वुर भाईंनी खाली बसून दाखवलं. बीच में उठाया था तो आगे-पीछे से झुकी हुई थी. पहियों पर आई तो कमर बैठ गई, जनाब, जैसे हमारी-आपकी. वर छप्पर नसलेल्या गाडीचं असंच असतं म्हणे, त्यातून दारांखालची पट्टी गंजलेली. मैंने कहा था, असं काही ते म्हणाले नाहीत. या शहरात म्हणत नाहीत. चहा पिऊन गेले, बस्स.

१३ जानेवारी
हार मानणार नाही. पट्ट्याने आवळून छत बसवलं. बसलं! इथल्या कपूरथला चौकापर्यंत ट्रायल. समोशाच्या दुकानासमोर थांबलो, दार उघडेना. दुसरंही उघडेना. काच पुरती खाली जाईना, छत आवळून बसलेलं. गर्दी जमली. अंकलजी को निकालो. दोघांनी बगलेत हात घालून अर्ध्या खिडकीतून काढलं. स्वेटर फाटला. एका भल्या बाईंनी पाणी दिलं आणि घर में कोई है विचारलं. म्हटलं, आहे.

१४ जानेवारी
संक्रांत. सुलभाकडून कुरिअरने तिळगूळ. पत्र शोधलं, डबा उलटा करून पाहिला. नव्हतं.
गाडी परत विटांवर. विटांवर छत एकदम फर्स्ट क्लास बसतं. यावरून सिद्ध होतं की माझं माप चुकलेलं नव्हतं.

३ फेब्रुवारी
जुईचा मेसेज. मम्मी १६ को लखनऊ आ रही है. उभ्याने वाचला. खाली आणखी चार ओळी होत्या, चष्मा घरात होता. ती येतेय, एवढं पुरे!
बघा, फोटोचा परिणाम.

१५ फेब्रुवारी
तयारी पूर्ण. अमीनाबाद बाजारातून नवे पडदे. देव घासले, भवानी काळी पडली होती. गाडीला पॉलिश. चाकं लावून ठेवलीत, जमिनीला जेमतेम टेकतात, विटांच्या पुढे कुंड्या मांडल्यात. चढायला स्टूल.

१६ फेब्रुवारी
आली. बारीक झाली आहे, पण रंग उजळलाय. केसांत पांढरे किती, आणि शोभतात. मला असं काही बोलता येत नाही, म्हणून प्रवास कसा झाला विचारलं. माझा खोकला ऐकून म्हणाली, हे कधीपासून? मग आल्याआल्या काढा केला.
चारला गाडीत बसवलं. स्टुलावर चढली, आत बसली. दार लावलं. टक्. अंबाडा आणि छत यांत दीड इंच. मी दुसऱ्या बाजूने बसलो. बाहेर वारं होतं, आत नव्हतं. तिने छतावरून हात फिरवला आणि म्हणाली, सुबक केलंय हो. एकदम छान वाटलं. रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून हॉर्न वाजवून दाखवला.
ती म्हणाली, जायचं का एक चक्कर? म्हटलं, आज नको, दमलीयस.
तिने कुंड्यांकडे पाहिलं. खालच्या विटाही दिसल्या असणार. बराच वेळ आम्ही दोघं समोरच्या फाटकाकडे बघत बसलो.

१७ फेब्रुवारी
सकाळी देवघरापुढे बसली होती. पूजा करतेय असं वाटलं. तिन्ही टाक एकेक करून नव्या खणात गुंडाळत होती. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, जुईने कळवलं होतं ना, देव न्यायला येतेय म्हणून. देवघरात एक सुपारी ठेवली, जागा अगदी रिकामी नको म्हणून.
मग म्हणाली, तुम्हीपण चला. गाडी राहू दे, ती कुठे जात नाही. घराला कुलूप लावू. मी तुमच्यावर रागावून गेले नाही हो, वाट बघून गेले.
मला हो म्हणायचं होतं. खरंच. तोंडातून निघालं, पंधरा दिवस दे. छत अंगठाभर कापतो, पट्टी नवी वेल्ड करतो, मग छतासकट येतो.
बरं म्हणाली. उशिरापर्यंत माझा फाटका स्वेटर शिवत बसली.

१८ फेब्रुवारी, दुपारी
चारबाग स्टेशनला सोडायला गेलो. ई-रिक्षातून. देव तिच्या मांडीवर. मी चपला घालून, तसाच.
बर्थवर बसली, समोरच्या बर्थवर पिशवी ठेवली. म्हटलं, पिशवी खाली ठेव, कुणी येईल. ती म्हणाली, तो तुमचा आहे. जुईने दोन तिकिटं काढलीत.
मी म्हटलं, घराला साधीच कडी घातलीय. म्हटलं, गॅस बघायला हवा. म्हटलं, गाडीवर कव्हर नाही. ती ऐकत होती. गाडी हलली तशी मी उतरलो. छत्तीस वर्षं शिस्तीत काढली, चालत्या गाडीत कधी थांबलो नाही. खिडकीबरोबर चाललो, थोडा पळालोही. तिने काचेवर हात ठेवला. मग प्लॅटफॉर्म संपला.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळी
घर जागेवर. गॅस बंदच होता. गाडीला कुणी हात लावलेला नाही.
मी थांबायला हवं होतं. तिथेच, पिशवीशेजारी. साठ वर्षांच्या माणसाला एवढं कळू नये.
जुईचा फोन. आज मराठीत बोलली, अडखळत. पापा, तुमचा बर्थ कानपूरपर्यंत रिकामा होता. मग टीसीने आरएसीतल्या कुणाला तरी दिला.