प्रसूतिकुटीचे दार

३ जानेवारी
मातामहपदाची घटिका समीप! पहिले बाळंतपण माहेरचे, सबब सायली केडगावी आमच्याकडे आणि निर्णयाधिकार अस्मादिकांकडे. वस्तुतः निर्णय तिने केव्हाच घेतला आहे. दौंडचे मोठे हॉस्पिटल नको. येथल्या सुमैया सिस्टरांचे बर्थ सेंटर हवे. मी त्याचे ‘प्रसूतिकुटी’ असे नामकरण केले. कोणी हसले नाही.

५ जानेवारी
व्याही मारुतरावांचा फोन. “सर, तिथं आपरेशन थेटर न्हाई, मोठा डॉक्टर न्हाई. काय इपरीत झालं म्हंजी?”
हीच भीती माझ्याही उदरात शयन करून आहे.

६ जानेवारी
कुटीचे निरीक्षण केले. सिस्टरांना पृच्छा : अनर्थ ओढवल्यास?
“सर, बीपी, शुगर, बाळाचं डोकं, सगळं नीट आहे म्हणूनच सायलीला घेतलं. जुळं असतं तर मीच दौंडला धाडली असती. कळांमध्ये काही वेगळं वाटलं तरी धाडीन. ॲम्ब्युलन्स दारात आहे. बाकी इथं तिला हिंडता येईल, आणि घरचं एक माणूस शेवटपर्यंत जवळ राहील.”
“आई राहील,” सायली म्हणाली. आई म्हणजे आमची तुळजाबाई. ती कुटीच्या दाराकडेच पाहत होती.

११ जानेवारी
गाडीचे मुख दौंडाभिमुख करून ठेवले. सायली : “आबा, हे काय आता?” मी : “वास्तुशास्त्र!”

१६ जानेवारी
नात!!

१७ जानेवारी
आता सविस्तर. काल सकाळी कळा. जावई विक्रम रांजणगावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला. निघाला, पण पोचला पेढे वाटायलाच. कुटीच्या दाराशी तुळजाबाईचे पाय थबकले. “मला न्हाई जमायचं. तुम्ही जावा.”
मी! बाळंतिणीच्या खोलीत बाप! पण आतून हाक आली, “आबा, या ना!” — गेलो.
सायलीने हात असा धरला की अंगुष्ठ अद्याप निरुपयोगी. धीर यावा म्हणून, संस्कृतचा मास्तर मी, शब्द चालवू लागलो : देवः देवौ देवाः —
“आबा, गप्प बसा!”
“सर, कंबर चोळा. आणखी खाली,” सिस्टर म्हणाल्या. चोळली. ती उठली, खिडकीला टेकली, ओणवी झाली. कोणी दटावले नाही. दुपारी नात रडली आणि माझे समग्र व्याकरण लोपले.
मारुतराव फोनवर : “लई ब्येस झालं! पर गाडी तयार व्हती न्हवं?” होती. दौंड पाठीशी होते म्हणून कुटीत निर्धास्त राहता आले. उभयतांस साष्टांग दंडवत.

१९ जानेवारी
तुळजाबाई मेथी निवडत होती. विचारले, दाराशी काय झाले होते?
“सायलीच्या वक्ताला हॉस्पिटलात तुम्हाला बाहेर काढलं. दार लावलं. आत मी तुम्हाला नावानं हाका मारल्या.”
नावाने! लग्नातल्या उखाण्यानंतर जिच्या मुखातून माझे नाव कधी निघाले नाही, तिने!
“वरडू नगंस, नर्सबाई म्हणाल्या. तुम्हाला ऐकूच गेलं न्हाई.”
नाही गेले.
“आता मार हाक,” म्हटले.
बराच वेळ मेथीच निवडली. मग, खाली बघत — “भानुदास.”
ओ दिली.