दार मी बसवलंय

बाबा,

नमस्कार वगैरे लिहीत नाही. मी अजून चिडलेली आहे आणि हे पत्र तुम्हाला देणारही नाही. तुम्ही परगावचं काम उरकून आलात की दार दिसेलच.

परवा मी तुमच्या तोंडावर दार आपटलं असं ठरवून, निघण्याआधी तुम्ही स्क्रू काढून माझ्या खोलीचं दारच उतरवून ठेवलंत. "पंधराव्या वर्षीच शिंगं फुटली हिला," म्हणालात. फुटली असतील. पण शिंगवाल्या जनावरांच्या गोठ्यालाही दार असतं, बाबा.

आत एवढं काय करतेस, असं सारखं विचारता. काही नाही करत. आरशात मुरमं बघते. कधी रडते, आणि का ते मलाही कळत नाही. जे मलाच कळत नाही, ते सगळ्यांसमोर कसं करू?

आणि दार मी आपटलंच नव्हतं. ते खालून फरशीला घासतं, जोर लावल्याशिवाय लागत नाही. तुम्ही सुतार. लोकांकडे तुम्ही बसवलेली दारं एका बोटाने लागतात. घरच्या दाराला मात्र तुम्हाला कधी सवड झाली नाही.

आज मी तुमचाच रंधा घेऊन खालची कड तासली. आईने दार धरलं आणि वर म्हणाली, "बाबांनी विचारलं तर मी भाजी आणायला गेले होते." स्क्रू मीच पिळले.

आता दार अजिबात आवाज न करता लागतं. तेव्हा यापुढे ते आपटलं, तर मात्र मीच आपटलेलं असेल.

तुमचीच,
शिंगवाली