मधली जागा

दि. ४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पाहुण्यांना त्यांची वयं विचारते म्हणून लहानपणी तू माझा कान पिळायचीस. आता त्याच चोंबडेपणाचा मला पगार मिळतो! शहरातल्या जुन्या कारखान्यांत काम करताना बायका काय गायच्या, ते मी ध्वनिमुद्रित करते आहे.

तुझ्या बाइंडिंगखान्यात तुझ्यासोबत घड्या घालणाऱ्या, म्हणून सगळ्यांच्या ‘घड्याळबाई’, सापडल्या. एक्याऐंशी वर्षांच्या आहेत, पण पुस्तकाच्या छापील फर्म्याच्या घड्या अजून पट्टीशिवाय, नुसत्या नखाने घालतात. गाणं मात्र निम्मंच आठवतं. एक ओळ म्हणतात, गप्प होतात, घडी घालतात, मग पुढची ओळ. ‘पहिल्या पानी काय गं? दुसऱ्या पानी कोण गं?’ नुसते प्रश्नच! मी मधल्या शांत जागा कापून गाणं सलग केलं आणि नोंदीत ‘स्मरण अपुरं’ असं लिहिलं. सोबतच्या पेनड्राइव्हवर आहे. तुला काही आठवतं का?

त्यांचा मुलगा त्यांना महिनाअखेरीस परगावी नेणार आहे, म्हणून घाई. लोभ आहेच, राग आला तर तोही कळव.

तुझी चोंबडी

दि. ११ मार्च

चि. चोंबडीस,
अनेक आशीर्वाद.

शहाणे, तू माझ्या ओळी कापल्यास.

टेबलाच्या एका बाजूला ती, समोर मी. तिने विचारायचं, मी उत्तर द्यायचं. प्रश्न ठरलेले, उत्तरं रोज नवी. ‘पहिल्या पानी काय गं?’ ‘मुकादमाचे पाय गं!’ मुकादम दारात आला की आणखी वाईट काहीतरी. विचारणारीने स्वतः उत्तर द्यायचं नाही, हा नियम. जिला हसू आलं आणि जिची घडी वाकडी गेली, दुसऱ्या दिवशीचा चहा तिच्याकडे. तिची स्मृती खणखणीत आहे; ती माझ्यासाठी जागा सोडते आहे.

आता ‘तिला भेटत का नाहीस’ असं विचारशीलच, म्हणून सांगते. घड्यांचं यंत्र आलं तेव्हा मला देखरेखीला नेमलं आणि तिला काढायचं ठरलं. मला आदल्या दिवशीच कळलं होतं, पण मी तोंडातून ब्र काढला नाही. सकाळी नेहमीसारखे समोरासमोर बसलो. तिने विचारलं, ‘शेवटल्या पानी कोण गं?’ मला उत्तर सुचेना. दुपारी तिला चिठ्ठी मिळाली. तीस वर्षं झाली, मी तिच्या दारी गेले नाही. लाज वाटते, दुसरं काय.

न कापलेलं गाणं तुझ्याकडे उरलंय का? की कापाकापीची हौस तिथेही भागवलीस? असेल तर पाठव.

माया आहेच, पण तुझ्या कात्रीवर नाही.

तुझी मावशी

दि. १७ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मूळ प्रत आहे, देवाची कृपा. सोबत पाठवते. रात्रभर मेलं मलाच खात होतं, म्हणून घड्याळ लावून मोजलं. प्रत्येक शांतता बरोबर एका ओळीएवढी. फक्त शेवटच्या प्रश्नानंतर त्या दोन ओळींएवढं थांबल्या आहेत. ‘स्मरण अपुरं’ खोडून टाकलं.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. तुला विचारलं नाही म्हणून रागावू नकोस. ऐकून त्यांनी हातातली घडी पुरी केली. मग म्हणाल्या, की कामावरून काढणार हे त्यांना त्या सकाळी फाटकापाशीच कळलं होतं. तरी मुद्दाम विचारलं. तू काय म्हणतेस ते ऐकायचं होतं.

मी विचारलं, अजून राग आहे का. त्या म्हणाल्या, होता, पुष्कळ वर्षं होता. आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, की ती अजून डावखुरीच आहे ना? मी हो म्हटलं. तर काठी टेकत उठल्या आणि मला टेबलाचं दुसरं टोक धरायला लावलं. उजेड तुझ्या उजवीकडून यायला हवा म्हणे, नाहीतर तुझ्याच हाताची सावली घडीवर पडते.

मावशी, टेबल खिडकीशी हलवलं आहे. शनिवारी ये. उत्तर तेवढं घेऊन ये.

तुझीच,
चोंबडी