दोनशे सीसीचा पूर्वपक्ष

३ जानेवारी, शनिवार

आजकालच्या मोटरसायकलींना चेहरा असतो आणि तो कायम रागावलेला असतो. हे कोणी ठरवलं, याची रीतसर चौकशी व्हायला हवी. हायवेच्या फाट्यावर प्रांजलच्या एसटीची वाट बघत होतो. शेजारी कुणाची तरी स्पोर्ट बाइक उभी. दिव्यांच्या जागी दोन तिरके डोळे. पाऊण तास माझ्याकडे वटारून बघत होती. मी तिचं काय केलं होतं? माझी स्कूटर वीस वर्षांची आहे, पण तिने आजवर कुणाकडे असं पाहिलेलं नाही.

कन्येला सांगलीच्या दूध संघाच्या लॅबमध्ये नोकरी लागल्यापासून दर शनिवारची संध्याकाळ अशी वाया जाते. फाट्यापासून रहिमतपूरपर्यंत ही मागे बसून अखंड बोलते. साहेबांनी फॅटचं रीडिंग तीनदा घ्यायला लावलं. रूममेट सिमरन झोपेत कन्नडमध्ये भांडते. मी हूं हूं करतो. बातमीदाराला आठवडाभर लोकांचं ऐकायचंच असतं, त्यात ही भर.

आज म्हणाली, साठवलेल्या पगारातून गाडी घेणार. स्कूटी नव्हे. स्पोर्ट बाइक. त्या डोळेवाल्या जातीचीच.

मी विरोध केला नाही. मी हुकूमशहा नाही. संस्कृतात एम. ए. झालेल्या माणसाने आरडाओरडा करायचा नसतो, तर्काने मारायचं असतं. तीन-चार गाड्यांची तुलना करून तिच्याच तोंडून ‘नको’ म्हणवून घेणार. पंधरा दिवसांत विषय बंद.

५ जानेवारी

अभ्यासाला प्रारंभ. यूट्यूबवर हेल्मेट घातलेली पोरं ओरडून परीक्षण करतात. एकाचंही तोंड दिसत नाही, यावरून काय ते समजावं.

तीन उमेदवार. कंपन्यांची नावं लिहून त्यांची फुकट जाहिरात करणार नाही. निळी, एकशे पंचावन्न सीसी: मायलेज बरं, इंजिन गुळगुळीत, किंमत उद्धट. केशरी, दोनशे सीसी: पिकअप भयंकर, पेट्रोल पिते, ट्रॅफिकमध्ये मांड्या भाजते म्हणे. काळी, एकशे साठ: स्वस्त. वरून वाघाचा वेष, आत कारकुनाचा आत्मा. तिघींचीही मागची सीट पाटावर ठेवलेल्या उशीएवढी.

मोटरसायकलीचं लक्षण काय? जी दोन माणसं आणि एक पिशवी सुखाने नेते ती. या लक्षणात तिघीही बसत नाहीत. निष्कर्ष हाती आला. आता फक्त अभ्यास उरला.

८ जानेवारी

मेव्हण्याचा आटपाडीहून फोन. बिरदेव, फौजेतून रिटायर. भाचीने त्याला आधीच फितवलंय. म्हणाला, आवं दाजी, तुमी बातम्या लिवता का गाड्या अडवता? पोरगी फौजेत असती तर कॉन्व्हॉय चालवला असता तिनं. मी अपघातांचे आकडे ऐकवले. त्याने ऐकून घेतले आणि विचारलं, मग दोनशेची ठरली का.

सौ. सुलाबाई बाजूलाच गवारी मोडत होत्या. आपल्या भावाला जराही आवरलं नाही.

१० जानेवारी, शनिवार

प्रत्यक्ष पाहणी. दुसरा शनिवार, प्रांजलला सुट्टी. साताऱ्यात तारिक नावाचा इसम कमी वापरलेल्या गाड्या विकतो. तिन्ही त्याच्याकडे उभ्या. प्रेसचा माणूस म्हणून ओळख दिली, टेस्ट राइड मागितली. त्याने लायसन्स मागितलं. माझ्या लायसन्सची मुदत संपलेली आहे, हे त्याने चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचलं. निष्कारण.

मग चालवायला प्रांजल, मागे मी. निरीक्षक म्हणून.

निघण्यापूर्वी मूलभूत प्रश्न विचारला, वैरणीची पेंढी कुठे बांधायची? तारिक म्हणाला, “सर, यावर वैरण बांधली तर म्हशीला हेल्मेट लागंल.” गिऱ्हाइकं हसली. प्रांजलसुद्धा. व्यापाऱ्याने विनोद करू नये.

यवतेश्वरचा घाट तिन्ही गाड्यांवर. प्रत्येक वळणाला पोरगी एका बाजूला झुकायची. समतोल राखणं प्राप्त होतं, म्हणून मी ताबडतोब दुसऱ्या बाजूला झुकायचो. केशरीवर चौथ्या वळणाला तिने गाडी कडेला घेतली. हेल्मेट काढून शांतपणे म्हणाली, “आप्पा, तुमी पोत्यागत बसा बघू. पोतं मधीच शानपणा करत न्हाई.”

पोत्यासारखा बसलो. गाडी रुळावरून चालावी तशी गेली. याचं श्रेय रस्त्याला.

परत येताना स्कूटरवर मागे बसून केशरीबद्दलच बोलत होती. घर कधी आलं कळलं नाही. म्हणजे बडबड फार.

१४ जानेवारी

संक्रांत. बिरदेवला तिळगूळ पाठवला नाही.

१६ जानेवारी

तोंडी वाद थांबवले. आता लेखणी. आमच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीसाठी लेख लिहिला. एकदा छापून आलं की पोरगी काय, बिरदेवची बटालियनसुद्धा गप्प.

मांडणी शास्त्रशुद्ध. आधी पूर्वपक्ष: प्रतिपक्षाचं म्हणणं त्याला स्वतःला जमणार नाही इतकं छान मांडायचं. मग उत्तरपक्ष: तेच एकेक वीट काढून पाडायचं. पूर्वार्धात केशरीची अशी स्तुती केली की लिहिताना मलाच गाडी घ्यावीशी वाटली. उत्तरार्धात टायर, मणका, पेट्रोल, पावसाळा, उसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉल्या. एकही गाडी जिवंत सोडली नाही.

लेख पाठवून चहा घेतला. विषय बंद.

१८ जानेवारी, रविवार

पुरवणीत कुठल्याशा नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा अर्धं पान. त्यामुळे माझा लेख निम्मा. खालचा निम्मा गेला.

शेवटचं छापील वाक्य: ‘या किमतीत एवढी ताकद आणि एवढा विश्वास दुसऱ्या गाडीत नाही.’ त्यापुढचं ‘असे मानणाऱ्यांची मला कीव येते’ छापलेलं नाही. शीर्षक उपसंपादकाचं: ‘दोनशे सीसीची महाराणी’. शेजारी माझा फोटो, हसरा.

उपसंपादकाला फोन केला. म्हणाला, मजकूर खालूनच कापतात, हे इतक्या वर्षांत तुम्हाला कुणी सांगितलं नाही का. सांगितलं होतं. पण तो नियम बातमीला. हा प्रबंध होता.

दुपारी तारिकचा मेसेज. कात्रण लॅमिनेट करून काउंटरवर लावलंय. बिरदेवने आटपाडीच्या सगळ्या ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं, आमचे दाजी.

संध्याकाळी प्रांजलचा फोन. आवाज वेगळाच. म्हणाली, “आप्पा, तुमी माज्या बाजूनं हाय, हे मला म्हाईतच न्हवतं.” मी हूं म्हणालो.

राहिलेला उत्तरपक्ष तिला पाठवावा म्हणून मोबाइल घेतला. बॅटरी कमी होती. बासष्ट टक्के.

२४ जानेवारी, शनिवार

केशरी घेतली. बिरदेव आटपाडीहून भंडारा घेऊन हजर. गाडीवर उधळला, तिच्या तिरक्या डोळ्यांतसुद्धा. चाकांखाली लिंबं. मला नारळ फोडायला लावला, लेखक म्हणून. पहिल्या फटक्यात फुटला नाही. नारळ निकृष्ट.

मी हेल्मेट आणलं होतं, सगळ्यांत जड. तिने घातलं, पट्टा माझ्याकडून लावून घेतला.

धोरण बदललं आहे. पहिल्या पावसात ती स्वतःच गाडी विकेल. जूनपर्यंत थांबायचं.

३१ जानेवारी, शनिवार

पाच वाजता स्कूटर काढली आणि फाट्यावर गेलो. सवयीने. सुलाबाईंनी विचारलं कुठे, तर सांगितलं बातमी आहे. एसटी आली. चार माणसं उतरली, एक बोचकं उतरलं, एसटी गेली. प्रांजल आता एसटीने येत नाही, हे मग आठवलं असं नव्हे. आठवतच होतं.

घरी आलो तर केशरी अंगणात उभी. प्रांजल जेवायला बसलेली. प्रवास कसा झाला विचारलं. म्हणाली, बरा झाला. लॅबमध्ये काय? काही नाही, नेहमीचंच. सिमरन? बरी आहे. समोरासमोर बसलं की मलाही पुढचा प्रश्न सुचत नाही. तिने ताट उचललं आणि आईजवळ आत गेली.

मी सगळ्यांना अपघाताची भीती सांगत होतो. ती आहेच. पण गाडी नको होती ती त्यासाठी नाही. ही पोरगी जे काही बोलायची ते माझ्या पाठीमागे बसून, त्या अर्ध्या-पाऊण तासात. बाकी आठवडाभर आम्हा दोघांना बोलणं जमत नाही. आता ती माझ्याशी कधी बोलेल, मला माहीत नाही.